पेशंटनं स्वतः शिकायचं

अमेरिकेत, डुलूथ गावच्या दवाखान्यात, बिलाच्या खिडकीशी, माझ्यापुढे लुंडीन नवरा-बायको उभे होते. खिडकीतली बाई सांगत होती,

"मिसेस लुंडीन, रक्तातली साखर मोजायचं यंत्र शिकवल्याचं बिल विमा कंपनीनं परत पाठवलंय."

"का? नर्सनं अर्धा तास शिकवलं की."

"तुम्हाला शिकवलं. पेशंट हे आहेत."

"यांना मी शिकवते घरी."

"त्याला विम्याच्या यादीत कोड नंबर नाही, मॅडम. पेशंटनं यंत्र स्वतः लावून दाखवायला हवं. गुरुवारी पुन्हा या, नाहीतर बिल तुम्हालाच भरावं लागेल."

"येऊ ना. मी सांगत जाईन, हे लावत जातील."

तेव्हा मिस्टर लुंडीन पहिल्यांदाच बोलले.

"बाई, गुरुवारी पेशंटनं एकट्यानंच यायचं, असा काही नियम आहे का?"

"नाही हो."

"नसू दे. तरी लिहून द्या."