तांब्याचे वॉशर

नितेश : ताई, गाडीचं तेल खाली पडतंय आणि तू वर काय बघतेस?

रेवती : पडतं ते खालीच रे. कुठून गळतंय ते वरच बघायचं असतं. बॅटरीचा उजेड नीट धर.

नितेश : गॅरेजवाला बोलला, इंजिनाचा मागचा सील गेलाय. गिअरबॉक्स उतरवायला लागेल.

रेवती : मग उतरव. मला रविवारी अंधेरीवरून नाहूरला कशाला बोलावलंस?

नितेश : उद्या गावाला निघायचंय ना यार. बाबांचं वर्षश्राद्ध, आणि आईने बजावलंय, त्यांचीच गाडी दारात लागली पाहिजे. अशी तेल गळत नेली आणि घाटात बंद पडली तर वाट लागेल.

प्रांजल : ताई, ही घ्या पावडर. जपून हां, माझी चांगलीवाली आहे.

रेवती : इंजिनाला पण वास आवडतो गं. नितेश, नवरा आहेस ना हिचा, आण दुसरी. सगळं पुसून कोरडं केलंयस? बघ, आता ही अशी भुरभुरवायची. हं, स्टार्ट कर. रेस दे. अजून. बस, बंद कर! आता ये इकडे. पावडर कुठे ओली झालीय?

नितेश : टर्बोच्या वर... त्या तेलाच्या पाइपच्या बोल्टाजवळ. तिथून ओघळ मागे गेलाय.

रेवती : आणि मागून खाली. म्हणून तुझा गॅरेजवाला सील सील करत बसला. टर्बोला हात कोणी लावला होता?

नितेश : त्यानेच. मागच्या महिन्यात साफ करून दिला.

रेवती : आणि तांब्याचे जुनेच वॉशर परत लावले, साहेबांनी. एकदा दाबले की कडक होतात ते. परत तसेच लावले की तेल सोडणारच.

नितेश : मग नवीन आणू.

रेवती : रविवारी दुपारी कोण दुकान उघडून बसलंय तुझ्यासाठी? थंड होऊ दे, मग खोलते.

प्रांजल : हे सगळं तुम्हाला बाबांनी शिकवलं, ताई?

रेवती : नाहीतर कोणी? माझ्या मैत्रिणी नटूनथटून फिरायच्या आणि मी ह्या गाडीखाली, केसात ग्रीस. आणि गाडी दिली कोणाला? ह्याला. बॉनेट कुठून उघडतं ते पण ठाऊक नव्हतं ह्याला.

नितेश : ताई, परत तेच नको ना.

रेवती : का नको? जळते मी, तोंडावर सांगते. तू ती चावी बोटात फिरवत येतोस ना, हिसकावून घ्यावीशी वाटते. मुलीला दिली तर म्हणे गाडी दुसऱ्याच्या घरात जाते! अरे, दुसऱ्याच्या घरात मी गेले ती कोणाच्या सांगण्यावरून?

नितेश : आणि मी नाही जळलो? मला दमा. धुरात नको, तेलात नको. खिडकीत उभा राहायचो मी, आणि खालून तुमचं दोघांचं हसणं ऐकू यायचं. एक पाना हातात दिला नाही गं बाबांनी मला. चावी दिली. चावी काय, कोणालाही देतात.

रेवती : मला नाही दिली.

प्रांजल : ...चहा टाकू?

रेवती : टाक. आणि एक शेगडी मला मोकळी ठेव. जुनी सांडशी असेल तर दे.

(थोड्या वेळाने, स्वयंपाकघरात. सांडशीत धरलेला वॉशर गॅसच्या जाळावर.)

नितेश : झाला ना लाल? काढ.

रेवती : थांब रे. बाबांनाही अशीच घाई... नाही, त्यांना नव्हती. तुलाच आहे. हं, आता. पाणी पुढे कर.

प्रांजल : अगं बाई! केवढा चर्र आवाज!

रेवती : झाला मऊ. आता पहिल्यासारखा दबून बसेल. दुसरा दे. आणि बाबांच्या पेटीतला तो लांब पाना काढ. पेटी तरी ठेवलीयस ना?

नितेश : पलंगाखाली आहे. उघडली नाही कधी.

रेवती : उघड मग. चल खाली.

प्रांजल : ताई, तुमचा चहा!

रेवती : झाकून ठेव गं, आलेच.

(खाली गाडीजवळ. वॉशर बसवून, परत पावडर भुरभुरवून झाल्यावर.)

नितेश : एवढी रेस दिली, ताई, पावडर कोरडीठाक आहे! झकास! पण किती लाल करायचा, हे ओळखायचं कसं? मी बघत होतो, मला नाही कळलं. शिकव ना.

रेवती : नाही.

नितेश : नाही म्हणजे?

रेवती : नाही शिकवणार. गाडी तुझ्या नावावर केली ना त्यांनी? मग एवढं माझ्याकडे राहू दे.

नितेश : ...बरं. मग उद्या आमच्याबरोबर तरी चल. तू काढलेलं ते बसचं तिकीट कॅन्सल कर, पुढे बस माझ्या बाजूला.

रेवती : त्या गाडीत मी पाहुणी म्हणून नाही बसायची, नितेश.

नितेश : आणि घाटात परत गळायला लागली तर?

रेवती : मागच्या बसमध्येच असेन मी. फोन कर.