भिंतीकडं तोंड

संघपाल : "सुशील डोळ्याचा चोर आहे. त्याच्या दुकानात पाय ठेवला तर घरी येऊ नको." हे माह्या बाबानं म्हटलं काका, मी नाही. मी फक्त विचारून राहिलो, खरं का खोटं?

सुशील : अन् हे विचाराले तू दुकानात पाय ठेवूनच आला.

(लकडगंजातलं सुशीलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दुपारचे चार.)

संघपाल : बात नका फिरवू ना. सीधं सांगा.

सुशील : धम्मानंदचाच पोट्टा. तोही असाच, आधी भांडे, मंग बसे. बस ना गा. पाणी पे.

संघपाल : पाणी नाही पाहिजे. सोमवारपासून कामाले ये म्हटलं तुम्ही. दहावीत शाळा सोडली मी, कोणी दारात उभं नाही करत. लकडगंजात शंभर पोट्टे फिरून राहिले सर्टिफिकेट घेऊन. मंग मलेच काहून? बाबाचा जुना हिशोब माह्यावर काढाचा आहे का?

सुशील : तुह्या शेजारच्या दीप्तीचा लॅपटॉप उघडला तू त्या दिवशी, इथी, माह्यासमोर. आधी कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलं, अन् जो स्क्रू जिथून निघाला तिथंच कागदात टोचून ठेवला. हे तुले कोणी शिकवलं?

संघपाल : कोणी नाही. स्क्रू हरवते म्हणून.

सुशील : मले हे सुचाले दोन वर्षं लागले. म्हणून बोलावलं. बस.

संघपाल : मस्का नका लावू. मले फक्त एक पाहाचं आहे. तुम्ही चोर असान तर मी नाही येणार, अन् नसान तर बाबाले तोंडावर सांगीन. हे घ्या. नाही, हात नका लावू! तिथूनच पाहा.

सुशील : डब्यात काय आणलं?

संघपाल : हार्ड डिस्क. आमच्या माळ्यावरच्या पेटीत होती. बाबाले माहीत नाही.

सुशील : ...हे स्टिकर मी लावलं होतं. माह्या हातचं अक्षर आहे ते. चार जीबीची आहे न गा? तेव्हा वाटे, एवढी जागा जन्मात नाही भरणार.

संघपाल : तुम्ही दोघायनं जोडला होता तो कॉम्प्युटर?

सुशील : एक टायपिंगची संस्था बंद पडली, तिथलं भंगार उचललं आम्ही. कॅबिनेट एकाचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा. तुह्या घरीच ठेवला, माह्या खोलीवर लाईटच नीट नव्हती. हिंगण्याच्या कंपनीतली शिफ्ट सुटली का मी तिथंच. दुकान काढाचं होतं दोघायले. पाटीपण ठरली होती.

संघपाल : ते मले नाही सांगतलं बाबानं.

सुशील : मंग काय सांगतलं?

संघपाल : एवढंच, की एका गेमपायी तुमचं बोलणं तुटलं. म्हणे तुम्ही त्याचा नकाशा चोरून पायला. जुना पीसी आहे ना तुमच्याकडं, तो चालू करा. केबल द्या, मी जोडतो. अन् तुम्ही खुर्ची मागं घ्या, कीबोर्डपासून दूर.

सुशील : मी काय जादू करून राहिलो तिथं?

संघपाल : मले काय माहीत काय करान. एक बटण दाबलं अन् पुरा डेटा साफ. घ्या ना मागं.

सुशील : घेतली, बावा. ती चपटी केबल घे. लाल कड आहे ना, ती पॉवरकडं... हां. तुले ठाऊकच आहे.

संघपाल : चालू झाला. कोणतं फोल्डर?

सुशील : व्हॅरेन. गेमचंच नाव आहे ते.

संघपाल : हे? हा घोडा? काका, चौकोन चौकोन दिसून राहिला पुरा. माह्या मोबाइलवरचा फालतूतला फालतू गेम याच्याहून भारी आहे.

सुशील : आवाज वाढव जरा.

संघपाल : काहून?

सुशील : वाढव तर... हां. हा जादूगारणीच्या गडाचा आवाज. हर गडाचा वेगळा होता. हा लागला का तुहा बाबा ताटावर चमच्यानं ठेका धरे, अन् तुही आजी आतून वरडे, ताट फुटन म्हणून. स्टीलचं ताट! पुढं याचे पाच भाग निघाले. फोटोसारखे निघाले, घोड्याचा केस न् केस दिसे. सगळे आणून पायले मी. दोन दिवस खेळलो अन् ठेवून दिले.

संघपाल : मी रोज ऑनलाइन खेळतो, शंभर जण असतात.

सुशील : त्यातला एक तरी तुह्या घरी जेवला?

संघपाल : ...बात गेमची चालली ना. कसा खेळत होते हा तुम्ही दोघं जण? कीबोर्ड तर एकच.

सुशील : पाळीपाळीनं. तुही चाल झाली का मही. अन् ज्याची चाल नाही त्यानं भिंतीकडं तोंड करून बसाचं. नाहीतर सगळं दिसते ना. कोणाची फौज कुठं, कोण काय शोधून राहिलं. वळून पाहाचं नाही. असे दोन-दोन तास बसलो आम्ही भिंतीकडं पाहत.

संघपाल : अन् तुम्ही वळून पायलं.

सुशील : तुहा बाबा म्हणते तसं.

संघपाल : तुम्ही काय म्हणता?

सुशील : मी काही म्हटलंच नाही. तेव्हाही नाही.

संघपाल : हेच! हेच खटकते मले. ज्यानं चोरी नाही केली तो बोंबलते. तुम्ही चोवीस वर्षं चूप. चूप कोण बसते?

सुशील : गोष्ट काय होती ते तरी माहीत आहे का तुले?

संघपाल : मुकुट गाडलेला असते कुठंतरी. ज्यानं आधी खोदला तो जिंकला.

सुशील : हो. अन् तो कुठं गाडला हे कळाले सहा दगडी खांब. एका खांबापाशी गेलं का नकाशाचा एक तुकडा उघडे. सहा महिने चालला तो डाव. लाईट जाये म्हणून हर चालीनंतर सेव्ह करून ठेवो. शेवटचा सेव्ह असन त्याच्यात.

संघपाल : आहे. चाल एकशे बारा. उघडू?

सुशील : तुही मर्जी.

संघपाल : "लाल खेळाडूची चाल." लाल कोण?

सुशील : धम्मानंद. मी निळा.

संघपाल : हा लाल घोडा तळ्यापाशी आहे. अन् त्याच्या बाजूले, एकच घर सोडून, खड्डा. खड्डा कोणाचा?

सुशील : महा. याच्या आधी मही चाल होती, तिच्यात खोदला. मुकुट निघाला तिथून.

संघपाल : म्हणजे बाबा एक घर दूर होता! एक चाल अजून भेटली असती तर त्याचा होता मुकुट. बाबा म्हणे तसाच तो पाच खांब फिरला, जागा शोधली, अन् तुम्ही त्याचा नकाशा पाहून आधी पोचले. बरोबर म्हणत होता तो!

सुशील : असं दिसते खरं.

संघपाल : मंग कबूल करा ना!

सुशील : काय करू कबूल? पायलं ना तू? बंद कर आता. डिस्क घे, घरी जा. सोमवारी नको येऊ, बाबाचं ऐक.

संघपाल : आता काहून नको येऊ? मघापासून तर मस्के लावून राहिले होते.

सुशील : उगाच बापलेकात कायले भांडण? बंद कर.

संघपाल : खुर्ची मागं घ्या काका. मागं घ्या म्हटलं ना! या कोपऱ्यात कागदाच्या गुंडाळीचं चित्र आहे. हे काय?

सुशील : काही नाही. राहू दे ते.

संघपाल : राहू दे म्हटलं का मी दाबतोच... हां. हे नकाशाचं पान आहे. सहा चौकोन. पण हे तर सगळे झाकले आहेत. एकच उघडा, अन् त्यात नुसतं पाणी. हे तुमचं असन.

सुशील : ज्याची चाल, त्याचंच पान दिसते.

संघपाल : बाबाचं?

सुशील : बंद कर म्हटलं ना गा.

संघपाल : नाही. तो पाच खांब फिरला होता. मले सांगतलं त्यानं. थांबा, खांब पाहू द्या. हा एक, याच्यावर निळा झेंडा. झेंडा कायचा?

सुशील : जो तिथं जाऊन आला त्याचा.

संघपाल : निळा. हाही निळा. निळा. निळा... पाच निळे. लाल एकच, हा समुद्राकडला. म्हणजे पाच खांब तुम्ही फिरले. बाबा एकच.

सुशील : गेम होता गा तो. जाऊ दे.

संघपाल : एका तुकड्यात पाणी दिसते नुसतं. मंग तो बरोबर तळ्यापाशी कसा आला?

सुशील : मले काय माहीत.

संघपाल : तुम्हाले सगळं माहीत आहे! तोंडावर दिसून राहिलं तुमच्या. तुम्ही चाल खेळत होते तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून बसला होता ना? वळला होता तो?

सुशील : नाही. एकदाही नाही वळला. खोटं नाही बोलणार मी.

संघपाल : मंग भिंतीवर काय होतं?

सुशील : कॅलेंडर असन एखादं.

संघपाल : काका.

सुशील : बाबासाहेबांचा फोटो होता. तुह्या आजीनं दीक्षाभूमीवरून आणलेला, मोठा. काचेचा.

संघपाल : काचेत स्क्रीन दिसे.

सुशील : उलटी दिसे. पण दिसे.

संघपाल : अन् तुम्हाले कधी कळलं?

सुशील : त्याच दिवशी. खड्डा पायला अन् तो चोर चोर करून वरडला. मी रागानं तोंड फिरवलं भिंतीकडं, तर काचेत अख्खं तळं. त्याचा घोडा, महा खड्डा, सगळं. मी बसो तेव्हा मान खाली घालून बसो, वर कधी पायलंच नव्हतं.

संघपाल : मंग तिथंच काहून नाही बोलले? मारलं काहून नाही त्याले?

सुशील : तुही आजी बसली होती तिथंच, वाती वळत. तिच्यासमोर म्हणू, का तुह्या पोरानं या फोटोच्या काचेतून पायलं? दुसरं काही असतं तर म्हटलं असतं. चप्पल घातली अन् निघालो. वाटलं, दोन दिवसात तोच येईन, माह्या खांद्यावर हात टाकन.

संघपाल : अन् त्यानं तुम्हालेच चोर म्हटलं. जिंदगीभर. मले म्हटलं, आईले म्हटलं, जो भेटला त्याले.

सुशील : त्याले खरंच वाटलं असन गा. स्वतः पाहून राहिला होता ना, म्हणून वाटलं असन का मीही पाहतो.

संघपाल : तुम्ही त्याची बाजू नका घेऊ! कळमन्यात धान्याच्या काट्यावर आहे तो. मापाडी. दाणा इकडचा तिकडं नाही होऊ देत, अख्खं मार्केट म्हणते. मले शाळा सोडली म्हणून रोज ऐकवते, माणसानं सीधं राहावं. रोज!

सुशील : सीधाच आहे तो. बावीस वर्षांचा होता तेव्हा. तुह्याहून पाचच वर्षांनी मोठा.

संघपाल : तो फोटो अजून आहे आमच्या घरी.

सुशील : असन ना.

संघपाल : त्याले काच नाही आहे.

सुशील : फुटली असन.

संघपाल : नाही फुटली. मी लहानपणी विचारलं होतं, तर म्हणे, मीच काढली. नुसती चौकट अन् कागद. चौदा एप्रिल आला का तोच पुसते, कोणाले हात नाही लावू देत. कोरड्या फडक्यानं, हळूहळू. कागद पिवळा पडला, कोपरे झिजले. आई दर वर्षी म्हणते, नवी काच बसवा, माह्याजवळ पैसे आहेत. तो ऐकूनच नाही घेत.

सुशील : ...कधी काढली म्हणे?

संघपाल : मही ताई झाली नव्हती तेव्हा.

सुशील : संघपाल, हे पाहा. तू घरी जाऊन याच्यातलं काही—

संघपाल : काही नका बोलू काका. बाबा पाचले काटा बंद करून निघते, त्याच्या आधी मले घरी पोचून ही डिस्क परत पेटीत ठेवा लागते. निघतो मी.