दिवा धरणारी चिंधी

श्रेया : सही नंतर करा, मॅडम. आधी हे पान बघा. ही पोरगी कडुबा आजोबांची हाय.

अमृता : कोणती?

श्रेया : ही, दिवा धरणारी. लेणीत अंधार, चितारी भिंत रंगवतोय, आन् ही त्याच्याजवळ दिवा धरून उभी. हात भरून येतो तरी हलत नाय. तुम्ही तिला उत्पला म्हणलंय. आजोबा चिंधी म्हणायचे.

अमृता : तू कोणत्या शाळेची?

श्रेया : अजिंठ्याची. पाचवी. श्रेया नाव हाय माझं. आम्ही चाळीस जण आलोय बसनं, तुमची गोष्ट ऐकायला. तुम्ही वळखता का आजोबांना? लेणीत आरसा धरायचे ते. बाहेरचं ऊन आरशावर घ्यायचे आन् आत चित्रावर पाडायचे, पाहुण्यांना दिसावं म्हणून.

अमृता : हो. म्हणजे... लेणी बघायला गेले होते तेव्हा भेटले होते.

श्रेया : मंग तवाच सांगितली असंल त्यांनी.

अमृता : असेल.

श्रेया : आम्हाला विहारामागच्या लिंबाखाली सांगायचे. हत्तीची, माकडाची, हंसाची. त्या साऱ्या जातकाच्या पुस्तकात असत्यात. पण चिंधीची सांगायच्या आधी म्हणायचे, पोरांनो, ही खोटी हाय बरं का, हिला पुरावा नाय.

अमृता : असं म्हणायचे?

श्रेया : दर खेपंला. आन् म्हणायचे, माझी लेक आली तर तिच्यापुढं चिंधीचं नाव काढायचं नाय. लई शिकलेली हाय म्हणं ती. आम्ही तिला बघितलं नाय कधी.

अमृता : श्रेया, जाऊन बस बाळा. कार्यक्रम सुरू होईल आता.

श्रेया : एकच राहिलं. आमच्या वर्गात विश्वजीत हाय. तो म्हणतोय, पुस्तकावर मॅडमचं नाव छापलंय, म्हंजी आजोबांनीच त्यांची गोष्ट चोरली. सारी पोरं त्याच्याच बाजूनं. आता तर 'चोर आजोबा' म्हणत्यात. आजोबा वारले तरी. मी लई भांडले. मला त्यांनी दुसरीत असताना सांगितली, पुस्तक तर ह्या संक्रांतीला आलं. पण पोरं म्हणत्यात, छापलेलं खोटं नसतंय. तुम्ही सांगताल का त्यांना?

अमृता : काय सांगू?

श्रेया : जे खरं असंल ते. मी सहीला परत येते, तवर आठवून बघा.

(श्रेया जाते. आतल्या खोलीतून अमृताची आई, भामाबाई, येते.)

भामाबाई : भेटले होते व्हय?

अमृता : आई, तू केव्हापासून...

भामाबाई : कुठं भेटले होते गं? मला बी सांग. चाळीस वरीस डबा भरला मी त्यांचा, मला नाय कधी असे वाटंत भेटले.

अमृता : हळू बोल ना. बाहेर लोक आहेत.

भामाबाई : हळूच बोलते. तू त्या दिशी लेणीत किती हळू बोलली व्हतीस?

अमृता : एम.ए.ला होते गं मी. सर सोबत होते, सगळा वर्ग होता. आणि बाबा सहलीच्या पोरांना चिंधीचं सांगत होते, जसं काही शिलालेखात वाचलंय. सर हसले. मला ते हसणं सहन झालं नाही. म्हणून बोलले.

भामाबाई : काय बोललीस?

अमृता : तुला माहीत आहे.

भामाबाई : तुझ्या तोंडून ऐकते.

अमृता : म्हटलं, "ओ काका, याला पुरावा आहे का? पोरांना खोटं सांगू नका."

भामाबाई : काका?

अमृता : हो.

भामाबाई : हे नाय सांगितलं त्यांनी मला. पुराव्याचं तेवढं सांगितलं. काका म्हणलीस ते गिळलं माणसानं.

अमृता : आई...

भामाबाई : बोल की. थांबलीस कशाला?

अमृता : मी कधी विषयच काढला नाही. वाटायचं, विसरले असतील. वीस वर्षं ती पोरगी डोक्यात घेऊन फिरले, मग लिहिली. नाव बदललं, वाटलं आता माझी झाली. बाबांना पुस्तक दिलं तेव्हा... ते पान वाचलं होतं का त्यांनी?

भामाबाई : दोनदा. चष्मा पुसून.

अमृता : काय म्हणाले?

भामाबाई : म्हणले, उत्पला. नाव चांगलं ठिवलं पोरीनं. आन् चहा मागितला.

अमृता : बस?

भामाबाई : आजून काय पायजे व्हतं तुला? पंधरा दिसांनी गेलेच ते.

(श्रेया परत येते.)

श्रेया : मॅडम, तुम्हाला बोलावलंय... अगं बया, भामाआजी! तुम्ही इथं कशा?

भामाबाई : लेकीकडं आले राहायला.

श्रेया : लेकीकडं? कुठंय ती?

अमृता : मीच ती, श्रेया.

श्रेया : तुम्ही? मंग मघाशी नुसतं भेटले होते असं का म्हणलात?

अमृता : लाज वाटली.

श्रेया : आजोबांची?

अमृता : एकदा त्यांचीही वाटली होती. मघाशी नाही. मघाशी माझीच वाटली.

श्रेया : मला नाय कळलं. मी विश्वजीतला काय सांगू?

अमृता : तू काही सांगू नकोस. कुठे बसलाय तो?

श्रेया : पयल्या रांगंत. लाल स्वेटर.

भामाबाई : चल. मी बी पुढंच बसते.

अमृता : आई, तू मागे बस ना. तुझ्याकडे बघून नाही बोलता येणार मला.

भामाबाई : मंग नको बघूस. पोरांकडं बघ. मी हाय तिथंच बसणार.

(अमृता मंचावर जाते.)

अमृता : नमस्कार, मुलांनो. मागे ऐकू येतंय ना? पुस्तकावर आडनाव दुसरं आहे, पण मी अमृता कडुबा साळवे... हो, तेच कडुबा आजोबा. विश्वजीत, उठू नकोस, बस. तू म्हणतोस ते निम्मं बरोबर आहे. गोष्ट चोरीचीच आहे. कुणी चोरली, कुणाची चोरली, ते सांगते. थांबा हं जरा. मला थोडा वेळ लागेल.