धाकट्या जावेचा वाटा

असं नाही गं, सूनबाई — हाडं सगळी एकाच ढिगात टाकलीस बघ. तीन ढीग करायचे म्हणजे तिन्हींत सगळं आलं पाहिजे — मांडीचं, बरगडीचं, हाड, चरबी. एक घरचा, एक नात्यागोत्याचा, एक दारात येणाऱ्या गरिबांचा. कलेजीला मात्र हात लावू नकोस, ती मी वाटते. — का म्हणजे? दरवर्षी मीच वाटते. या घरात पहिली ईद आहे तुझी, कळेल हळूहळू.

तुला नवऱ्यानं काही सांगितलं नाही? तो कशाला सांगेल. त्याचा काका होता — माझा धाकटा दीर, दोन गल्ल्या सोडून राहायचा. कापड रंगवायच्या कारखान्यात होता, छातीचं दुखणं घेऊन घरी बसला. त्या वर्षी कुर्बानीच्या सकाळी जाऊ आली, इथंच उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, डॉक्टर म्हणतात अंगात रक्त नाही, कलेजी खाऊ घाला — तर आमच्या वाट्यात जरा जास्त टाका. मी हो म्हटलं. तोंडभरून हो म्हटलं. आणि दुपारी माझा भाऊ आला, बायकामुलांना घेऊन, दोन वर्षांनी — आता माहेरचं माणूस दारात आलं की बाईचं काय होतं, तुला सांगायला नको. सगळी कलेजी त्यांच्या ताटात गेली. दिराकडे हाडं गेली. वर निरोप दिला, मांजरानं पळवली. आमच्याकडे मांजर नव्हतंच कधी. जावेला ते ठाऊक होतं.

दोन महिन्यांनी तो गेला. — नाही, कलेजीनं कुणी वाचत नसतं, कळतं मला. डॉक्टरही तेच म्हणाले, छाती आतून पोखरली होती. मी विचारलं होतं त्यांना. मुद्दाम जाऊन विचारलं.

मग काय, जावेनं येणं सोडलं. वाटा पाठवला की झाकलेला तसाच परत यायचा. आणि गेल्या वर्षी मी मागच्या दारी गरिबांचा वाटा देत होते — मान खाली, पिशवी पुढे आली की टाकायचं, पिशवी पुढे आली की टाकायचं — तर एक हात ओळखीचा वाटला. अंगठ्यावर चाकूचा जुना व्रण. वेगळे होण्याआधी बारा वर्षं एका चुलीपाशी काढली आम्ही दोघींनी. वर बघितलं तर तीच. नात्याचा वाटा परत पाठवणारी बाई परक्यांच्या रांगेत उभी. मी होती नव्हती ती कलेजी उचलली, तिच्या पिशवीत घालायला गेले, तर तिनं पिशवी मागं घेतली. म्हणाली, “भाभी, रांगेतल्या सगळ्यांना देता तेवढंच द्या.” ओरडली नाही, रडली नाही.

मी दिलं तेवढंच. मागच्या बाईनं ढकललं, ती निघून गेली. तुझ्या सासऱ्यांनाही बोलले नाही मी. आज तुझ्यापुढे का बोलत बसले, कोण जाणे.

यंदा? दोनदा मागच्या दारी बघून आले, रांगेत नाही ती. — आहे गं, दोन गल्ल्या सोडून त्याच खोलीत आहे. दवाखान्यातली आया सांगत होती, अंथरूण धरलंय म्हणे. — मी? मी कुठलं तोंड घेऊन जाऊ?

हे काय, ओढणी कशाला घेतलीस? ते पातेलं ठेव खाली. ऐक माझं — ती दार उघडणार नाही.

— बरं. तुला ती ओळखत नाही, हे एक बरं आहे. थांब, ते नात्याच्या ढिगातलं नको, घेणार नाही ती. गरिबांच्यातलं घे. कुणी पाठवलं विचारलं तर मशिदीतून आलं म्हण. माझं नाव काढू नकोस. जा आता — बघत काय उभी राहिलीस, जा.