अक्काची पाठ आणि आपले सल्ले

दाजी, संदीप, रेणुका, विहीणबाई, शहागंजातले दुकानदार भाऊ, आणि लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं आलेली आमची सगळी भावकी,

मला बोलायला उभं करू नको, असं मी संदीपला सांगितलं होतं. अरे, मामा चिडलेला आहे, भलतंच बोलून जाईल. तो म्हणाला, मामा, तुम्हीच बोला. आता ऐकून घ्या.

अक्का, माझी थोरली बहीण, गेल्या आठवड्यात गेली. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून मुकुंदवाडीच्या तिच्या घरात जो येतो तो दारातच म्हणतो, "सुटली बिचारी. पाठीनं लई भोगलं."

मंडळी, राग मानू नका. पण सुटली म्हणजे काय? कशातून सुटली? त्या सकाळी तिची दुकानात जायची तयारी झाली होती. डबा भरला होता. रिक्षावाल्याला फोन केला होता. तिला कुठून सुटायचं नव्हतं हो! तिला जायचंच नव्हतं.

सगळ्यांना सगळं ठाऊक नाही, म्हणून सांगतो. दाजींचं आणि तिचं पडद्याच्या कापडाचं दुकान. माळ्यावरून तागा काढताना ती शिडीवरून पडली. पाठीचं ऑपरेशन झालं. जखम भरली. दुखणं राहिलं. महिने गेले, वर्षं गेली, दुखणं राहिलं. फोटो काढले, स्कॅन काढले. प्रत्येक वेळी रिपोर्ट नॉर्मल. मशीन म्हणायची नॉर्मल, अक्का म्हणायची दुखतंय, आणि आपण सगळे मशीनच्या बाजूनं!

मग सल्ले सुरू झाले. कुणी तेल आणलं, कुणी पट्टा आणला. आमच्या काकूंनी लासूरहून कसलासा लेप आणला, त्यानं पाठीला फोड आले. काकू, तुम्ही समोरच बसलात, तुमची माया मला माहीत आहे, पण फोड आले हे खरं आहे. कुणी म्हणालं, वजन कमी कर. कुणी म्हणालं, तेवढं मनावर घेऊ नको. आणि माघारी काय म्हणायचे? काम टाळायला बरं निमित्त सापडलं.

अक्कानं दुकान सोडलं. मग जिना सोडला. मग लग्नकार्य सोडलं. माझी अक्का, जिचा आवाज शहागंजात चार दुकानं पलीकडं ऐकू जायचा, ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागली.

अशात दुखण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या आणि व्यायाम चालू ठेवा, पण सोबत मानसोपचाराच्या मॅडमना भेटा. बाहेर आल्यावर अक्का मला म्हणाली, "मी काय येडी हाय का रे?" दाजी म्हणाले, "जायचं तर जा, पण कुणाला सांगू नका. मालीश चालू आहे म्हणा."

तरी ती गेली. का गेली? त्या बाईला काही कळत नाही, हे तिला सिद्ध करायचं होतं! अशी होती ती. आत गेल्या गेल्या म्हणाली, "मॅडम, दुखणं माझ्या पाठीत आहे, डोक्यात नाय."

मॅडम म्हणाल्या, "काकू, दुखणं खरं आहे. खोटं नाही. पण आता तुमचा दिवस तेच चालवतंय. तेवढं बदलतं का, बघू."

अक्का बाहेर आली ती रडतच. मी घाबरलो. म्हणलं, काय म्हणाल्या? काही बोलल्या का तुला?

"ती म्हणली, खोटं नाय."

मंडळी, एवढ्या वर्षांत हे एक वाक्य तिला कुणी म्हणलं नव्हतं. ते ऐकायला तिला परक्या बाईकडं जावं लागलं.

पुढं काही जादू झाली नाही. लोकांना वाटतं, तिथं नुसत्या गप्पा मारतात. अहो, ते कष्टाचं काम आहे! दुखेल या भीतीनं अंग आखडतं, आखडलं की जास्त दुखतं, दुखलं की झोप जाते, आणि परत भीती. हे आधी तिला समजून घ्यावं लागलं. बरं वाटलं त्या दिवशी ती घर धुऊन काढायची आणि मग पुढचे दिवस अंथरुणात. मॅडमनी शिकवलं, दुखायच्या आधी थांबायचं. अर्धी भाजी चिरायची, उठायचं, फिरायचं, परत बसायचं. अक्काची नुसती चिडचिड. "अशानं सैपाक दिवेलागणीला व्हायचा!" मॅडमवरचा राग वाटेत माझ्यावर. एकदा तर जाणंच बंद केलं. मी म्हणलं, संपलं. पण तीच परत म्हणाली, "चल, गाडी काढ."

मग एक दिवस ती दुकानात गेली. काम करायला नाही. नुसता गादीवर बसून चहा प्यायला. दाजी म्हणाले, नुसतं बसून काय होणार? तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं. बुरख्यातल्या त्या बाईनं अक्काला बघून टाळीच वाजवली. "कां थे आपा इत्ते दिन? तुम्हारे बगैर पडदे का रंग कौन बतायेगा हमकू?" अक्कानं रंग सांगितला. चहा संपला, ती घरी आली. दुसऱ्या दिवशी परत गेली.

आणि आपण तिला काय विचारलं? "दुखणं गेलं का?" ती म्हणायची, नाय. "मग उपयोग काय झाला?"

उपयोग काय झाला! अहो, ती उठली. ती दुकानात बसली. सिनेमाला गेली. लासूरला माहेरी गाडीनं एकटी गेली. दुखत होतं, तरी गेली. दुखणं घरात होतं, पण घर त्याचं राहिलं नव्हतं. अजून काय उपयोग पाहिजे होता?

आता शेवटचं सांगतो. विहीणबाई, तुमची परवानगी घेऊन सांगतो. संदीपसाठी रेणुकाला बघायला गेलो होतो. निघताना सगळ्यांनी अक्काला बजावलं होतं, त्या मॅडमचा विषय काढू नको, सोयरीक मोडेल. पोहे झाले. कुणीतरी विचारलं, तब्येत कशी आहे आता? अक्का म्हणाली, "पाठ दुखते. त्यासाठी मी मानसोपचाराला जाते. लई फरक पडला."

दाजींनी माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. मग विहीणबाई उठल्या, अक्काला म्हणाल्या, जरा आत येता का? आम्ही समजलो, आता नकार. बराच वेळ दोघी आत. बाहेर आल्या तेव्हा विहीणबाईंचे डोळे लाल. त्यांचं डोकं किती वर्षं ठणकत होतं, ते त्यांच्या घरातही कुणाला धड माहीत नव्हतं. पुढं त्या अक्काबरोबरच मॅडमकडं जायला लागल्या. आणि सोयरीक? रेणुका समोर बसली आहे.

तेव्हा हात जोडून विनंती आहे. घरी जाल तेव्हा तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याचे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि ज्याचं दुखतं आहे. त्याला सल्ला देऊ नका. लेप तर नकोच. फक्त म्हणा, खोटं नाही. आणि त्याला मानसोपचाराला जायचं असेल तर गाडी काढा. शेजारी विचारतील, कुठं निघालात? खरं सांगा.

अक्का, लई भांडलीस गं माझ्याशी. आता मी एवढं बोललो आणि तू मधेच तोडलं नाहीस, हेच मला सहन होईना.

मंडळी, आता आपण थोडा वेळ शांत राहू. उभं राहायची रीत आहे. पण ज्यांची पाठ, ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी खुशाल बसून राहा. कुणी तुमच्याकडं वळून बघणार नाही. अक्काला तसंच आवडलं असतं.