चौथं लिंबू

सौंसरच्या टायरच्या दुकानात स्कूटीचं पंक्चर निघेपर्यंत शोभाताई भाजीची पिशवी घेऊन बाकावर बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या जीपवाल्याकडे.

“मिस्त्री, संत्र्याच्या बगीच्यात खालून घासे, म्हणून जीप उंच करून घेतली. आता डावीकडं ओढून राहिली.”

“उंच केल्यावर अलाइनमेंट केली का?”

“पूजा केली ना! चार चाकांखाली चार लिंबं ठेवले. समोरच्या डाव्या चाकाचं घरंगळलं, फुटलंच नाही. त्याच्यानंच ओढते.”

“लिंबानं कुठं गाडी ओढते जी? उंच केली का चाकाचा कोन बदलते. हे पाहा, तिरपं हाय.”

अर्ध्या तासात चाकं सरळ झाली. मिस्त्री जीपमध्ये चढला अन् लगेच उतरला.

“ताई, पिशवीत लिंबू असन तर एक द्या ना. ट्रायल मलेच घ्या लागते.”