बॅनरवरची वेबसाइट

दीपेशची वेबसाइट पोलादपूर नाक्यावरच्या बॅनरवर झळकली. तसं काही झालंच नाही, असं धरून चालू. महाडहून सुटलेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर तो तसंच धरून बसला होता. शेजारच्या मैनाआत्याला ते जमत नव्हतं.

"वाडीत कुणाच्याच मोबाईलात ती उघडंना रे."

"आत्या, हळू बोल."

"मंडळाचे अध्यक्ष मुंबईहून आले, नारळ फोडून उद्घाटन केलं. मोबाईलात नुसतं गोल गोल फिरतंय. तू केलंस तरी काय?"

"कोड लिहायचं सॉफ्टवेअर नवीन शिकतोय गो. त्यात देवीच्या उत्सवाचं पान बनवलं, बटण दाबलं, पान उघडलं. वर पत्ता दिसला, लोकलहोस्ट. तोच मंडळाला पाठवला, त्यांनी बॅनरवर छापला."

"मग पत्ता चुकला?"

"नाय. तो पत्ता फक्त माझ्या लॅपटॉपात उघडतो. पान इंटरनेटवर चढवायचं अजून शिकलो नाय."

"म्हंजे गावजेवणाला घरचा पत्ता दिलास, नि दाराला आतून कडी."

"तसंच."

"मंडळातला मोरूतात्या म्हणतो, पोराला कुणी हसू नका. लॅपटॉपच पालखीत ठेवू, घरोघर दाखवू."

"देवीच्या शेजारी?"

"देवी जरा सरकून बसंल म्हणतो."

दीपेशने तोंडावर रुमाल बांधला आणि कंडक्टरला हाक मारली.

"साहेब, नम्र विनंती आहे. प्रवाशांच्या सोयीसाठी ही गाडी पोलादपूर नाका वगळून, पर्यायी मार्गाने थेट पोलादपूरला नेण्यात यावी."